न लागणारा शिक्का

त्या प्रकरणाचा विषय निघाला की मला पोलीस ठाण्याच्या आधी आमचे हुपरीचे घर आठवते. माझे आईवडील चांदीच्या पैंजणांच्या कड्या जोडण्याचे काम करीत. चांदी दुसऱ्याची, मजुरी आमची. वडील दिव्याच्या ज्योतीवर फुंकणी धरून डाख देत, म्हणजे कड्यांचे सांधे वितळवून जोडत, आणि आई कड्या ओवीत बसे. आमच्या घरातला केर कधी उकिरड्यावर गेला नाही. त्यात चांदीचे कण असत, म्हणून तो डब्यात साठवायचा. धुराने वडिलांची छाती भरली, पण भट्टी विझली तर चूलही विझायची, म्हणून ते खोकत फुंकर घालीत राहिले. त्याच ज्योतीच्या उजेडात मी शिकलो, कोल्हापुरात राहून बी.ए. झालो आणि फौजदाराच्या परीक्षेत पास झालो. आमच्या घराण्यातला पहिला पदवीधर मी. हे मी आजही ताठ मानेने सांगतो.

लहानपणी मला एक काम ठरलेले होते. पैंजणाच्या नक्षीचा साचा झिजला की तो घेऊन गल्लीतल्या कोरक्याकाकांकडे जायचे. पोलादावर, पितळेवर नक्षी कोरणारा त्यांच्यासारखा हात पंचक्रोशीत नव्हता. सगळ्या गावाचे साचे त्यांच्याकडे दुरुस्तीला येत, म्हणून ओळखायला ते आपल्या प्रत्येक कामात एक बारीक कोयरी कोरून ठेवीत. नक्षीत अशी लपवलेली की सांगितल्याशिवाय दिसायची नाही. मला ती शोधायचा नाद होता. हा नाद पुढे सरकारी कामाला येईल, असे तेव्हा कोण म्हणाले असते?

सत्तरच्या दशकाची अखेर असेल. माझी नेमणूक कोल्हापुरात होती आणि शिवाजी पेठ आमच्या हद्दीत येत होती. सकाळची हजेरी, रात्रपाळीने लिहिलेली स्टेशन डायरी बघणे, समन्स वाटणे, आणि फुटबॉलचा सामना असला की दोन पेठांच्या पोरांना एकमेकांपासून लांब ठेवणे, असा आमचा दिवस. इंग्रजी कागद आला की ठाणे अंमलदार तो वाचायच्या आधीच “हे बी.ए. साहेबांचं” म्हणून माझ्या टेबलावर सरकवत. त्यामुळे पासपोर्टच्या चौकश्या माझ्याकडे आल्या, आणि त्यांच्या मागून परदेशी जाण्याचे नियमही मला वाचावे लागले.

त्यातला एक नियम इथे सांगितला पाहिजे, कारण सगळे प्रकरण त्यावर उभे आहे. त्या काळात आपल्या माणसाला थोड्या दिवसांसाठी इंग्लंडला पाहुणा म्हणून जायचे असेल तर व्हिसा लागत नसे. पासपोर्ट हवा, परतीचे तिकीट हवे आणि तिकडे खाण्याराहण्याची सोय कोण करणार हे सांगता आले पाहिजे. बाकीचा निकाल तिथल्या विमानतळावरचा अधिकारी समोरासमोर लावायचा. हा माणूस पाहुणाच आहे, इथे नोकरी धरणार नाही आणि मुदतीत परत जाईल, एवढी त्याची खात्री पटली की तो आत सोडायचा. नाही पटली तर आल्या पावली परत. पुढे हे सगळे बदलले, पण तेव्हा असे होते.

खबर आणली ती पेठेतल्या एका शिंपीचाचांनी. हे चाचा गरम कोट शिवण्यात नावाजलेले. कोल्हापूरच्या वैशाखात जो गरम कोट शिवायला टाकतो तो परदेशी जाणार हे उघडच असते, म्हणून कोण कुठे निघाले याची बातमी चाचांना पासपोर्ट कचेरीच्या आधी लागायची. एका दुपारी ते काखेत गाठोडे घेऊन आले आणि आमच्या हवालदारांच्या बाकावर बसले. मग गाठोड्यातून एक कोट काढून माझ्यासमोर पसरला.

“साहेब, गुन्हा हाय का न्हाय ठाऊक न्हाय. पण डोक्यातनं जात न्हाय.”

कोट नेसरीच्या एका बागायतदाराचा होता. त्याचा भाऊ इंग्लंडात होता, म्हणून महिनाभर राहून येतो असे सांगून हा गृहस्थ गेला आणि आठवड्याच्या आत माघारी आला. थंडी सोसली नाही, असे गावात सांगितले. मग तो कोट विकून टाका म्हणत चाचांच्या दुकानात ठेवून गेला. चाचांनी मला कोटाचे खिसे दाखवले. नवा कोट देताना खिशाचे तोंड कच्च्या टाक्यांनी बंद करतात, म्हणजे आकार बिघडत नाही. घालणारा पहिल्यांदा हात घालताना तो दोरा ओढून काढतो. या कोटाचा दोरा जागच्या जागी होता.

“थंडी सोसली न्हाय म्हनतोय,” चाचा म्हणाले, “आन् खिशात हात घातलेला न्हाय. असली कसली थंडी?”

हवालदार पुढे वाकून खिशावरून बोट फिरवू लागले. ते माझ्याहून वयाने मोठे, जुन्या वळणाचे. त्यांनी विचारले, मग ह्यो गेलाच न्हाय म्हनता?

चाचांचे म्हणणे वेगळे होते. माणूस गेला हे खरे, पण बाहेरच्या हवेत पडला नाही. आणि दुसरी गोष्ट त्यांना जास्त टोचत होती. अलीकडे त्यांच्याकडे कोट शिवून घेणारी, इंग्लंडला निघालेली गिऱ्हाईके एका गृहस्थाचे नाव घेत होती, त्याने आम्हाला व्हिसा काढून दिला म्हणून. चाचांचा धाकटा भाऊ मागल्याच वर्षी इंग्लंडला जाऊन आला होता, त्याला कसलाच व्हिसा लागला नव्हता. मग यांनाच कुठून लागतो? उठताना चाचांनी सांगितले, हुपरीच्या एक बाई आहेत, लेकीच्या बाळंतपणाला निघाल्यात, परवा कोट न्यायला येणार आहेत, व्हिसा त्याच माणसाचा. मी डायरीत नोंद केली आणि दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीने साध्या कपड्यांत नेसरी गाठली.

बागायतदाराने आधी मला थंडीच सांगितली. मी ऐकून घेतले. माणूस खोटे सांगत असला तर त्याला मध्ये तोडू नये, हे मी नोकरीच्या पहिल्या वर्षात शिकलो होतो. त्याला ते संपवू द्यावे, संपले की त्यालाच ते तोकडे वाटू लागते. तो थांबल्यावर मी खिशातल्या दोऱ्याबद्दल विचारले. त्याने बायकोला चहाला आत पाठवले आणि आवाज उतरवला.

“साहेब, समदं बरोबर हुतं. भाऊ बाहेर उभा हुता, परतीचं तिकीट दावलं. त्या गोऱ्यानं मान बी हलीवली. मग पान उलटलं आन् शिक्क्यावर बोट ठेवलं. दुसऱ्याला बोलीवलं, दुसऱ्यानं तिसऱ्याला. तिघंबी हसली. माघारी धाडल्याचं न्हाय, ती हसली त्येचं लई लागलं.”

तक्रार का दिली नाही, असे मी विचारले नाही. भाऊ काचेपलीकडे उभा आणि आपण उलटे विमानात बसतो, हे गावाला कोण सांगेल? मी पासपोर्ट मागितला. गोल शिक्का, मध्ये सिंह, वर मुकुट, भोवती इंग्रजी अक्षरे. काम सुबक होते, मीही आधी गडबडलो असतो. पण सिंहाच्या मागल्या पायाखाली, गवताच्या पात्यासारखी दिसणारी एक कोयरी होती. विलायतेच्या सरकारच्या शिक्क्यात हुपरीची कोयरी कशाला येईल?

कोल्हापुरात येताच मुंबईला ट्रंक कॉल लावला. तिथल्या इंग्रज सरकारच्या कचेरीतून उत्तर मिळाले ते रोखठोक होते. पाहुण्याला आमचा व्हिसा लागत नाही, असा शिक्का आमच्याकडे नाही, आणि पासपोर्टवर खोटा शिक्का दिसला तर त्या माणसाच्या कुठल्याच शब्दावर आमचे अधिकारी विश्वास ठेवणार नाहीत. म्हणजे कोरे पान घेऊन जाणारा आत जात होता, आणि गंडवला गेलेला बाहेर राहत होता.

हुपरीच्या बाई दुसऱ्या दिवशी मला आणि हवालदारांना चाचांच्या दुकानात भेटल्या. मी नाव-गाव सांगताच त्यांनी माझ्याकडे निरखून बघितले. “तू फुंकणीवाल्याचा न्हवं? तुज्या आईसंगट मी कड्या ववल्यात.” मग मी त्यांना मावशीच म्हणू लागलो. मावशी विधवा. पैंजणाच्या मजुरीवर एकुलती लेक वाढवली. जावई इंग्लंडात कारखान्यात होता. लेकीची सासू हयात नव्हती, परक्या मुलखात घरात दुसरे बाईमाणूस नाही, आणि पहिले बाळंतपण. पहिलटकरीण माहेरी यायची आपली रीत, पण डॉक्टरने तिला प्रवासाची मनाई केली होती. तेव्हा मावशींनी ठरवले होते, लेक येत न्हाय तर माहेर तिकडं जाईल. हातातल्या पाटल्या त्या गृहस्थाच्या पदरात घालून त्यांनी हा व्हिसा मिळवला होता.

त्यांनी खणाच्या कापडात गुंडाळलेला पासपोर्ट काढला. शिक्क्याच्या पानावर हळदकुंकवाची बोटे होती. एवढे मोठे काम झाले, म्हणून त्यांनी शिक्क्याची पूजा केली होती. पिवळ्या बोटांच्या मधोमध तोच सिंह आणि तीच कोयरी.

मी शक्य तितक्या हळू सांगितले की शिक्का खोटा आहे. मावशी रडल्या नाहीत. म्हणाल्या, “मग खरा कुठं मिळतोय ते सांग.” खरा लागतच नाही, हे मी त्यांना तीनदा सांगितले. त्या चाचांकडे बघायच्या आणि पुन्हा माझ्याकडे. फौजदार काहीतरी लपवतोय, असाच त्यांचा चेहरा होता. पासपोर्ट ताब्यात घेऊन मी पोचपावती लिहून दिली, तर ती उलटीसुलटी करून त्यांनी परत माझ्या हातात ठेवली. म्हणाल्या, हिच्यावर ठाण्याचा गोल शिक्का न्हाय. हवालदारांना ठाण्यात पळावे लागले.

व्हिसा काढून देणाऱ्या त्या गृहस्थाला त्याच दुपारी चौकशीला बोलावले. चांगल्या घरातला, शिकलेला, इस्त्रीचा शर्ट, बोलणे मऊ. पेठेत घराच्या पुढच्या खोलीत तो पासपोर्टचे अर्ज भरून द्यायचा. त्या कामाविरुद्ध काहीच नव्हते. शिक्क्याचे विचारताच म्हणाला, मुंबईच्या कचेरीतून करून आणतो. कचेरीत कोणाकडून? एक साहेब होते, बदलून गेले. मी विचारायचो आणि तो न अडखळता उत्तर द्यायचा. हवालदारांची बोटे वळवळत होती, पण मी त्यांना नजरेने बसवले. हात उगारला की माणूस आपल्याला हवे ते बोलतो, आणि मला खरे हवे होते. संध्याकाळी त्याला घरी जाऊ दिले आणि दारावर साध्या वेशात माणूस ठेवला.

दुसऱ्या दिवशी मी हुपरीला गेलो. कोरक्याकाका म्हातारे झाले होते, पण हात थांबला नव्हता. मी पासपोर्टचे पान पुढे केले, तर चष्मा कपाळावर सारून त्यांनी ते डोळ्यांजवळ धरले आणि खुशीत आले.

“व्हय, माजंच काम की. बघ सिंहाची आयाळ कशी उठल्या.”

फुटबॉलच्या स्पर्धेच्या प्रशस्तिपत्रकावर मारायला पितळेचा शिक्का हवाय, असे सांगून त्या गृहस्थाने तो कोरून घेतला होता. काकांना इंग्रजी वाचता येत नव्हते, त्यांनी कागदावरचे चित्र जसेच्या तसे उतरवले. कोल्हापुरात रबरी शिक्के करणाऱ्यांशी आमची रोजची ओळख, म्हणून तो गृहस्थ शहाणपणाने लांब हुपरीत गेला होता. तिथल्या कारागिराची खूण ठेवायची रीत त्याला ठाऊक नव्हती. काकांची दुसरीही एक सवय होती. काम गिऱ्हाइकाला देण्याआधी ते शिशाच्या तुकड्यावर उठवून बघत आणि तुकडा डब्यात टाकत. डबा उपडा केला, तर सिंहाचा ठसा उठलेला तुकडा निघाला. पंचांसमक्ष तो तुकडा मी जप्त केला. आपण काय कोरले हे कळल्यावर काकांनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर घेतला. मग म्हणाले, “कोयरी घातली ते बरं झालं म्हनायचं.”

त्या गृहस्थाला पुन्हा बोलावले. चहा मागवला. शिशाचा तुकडा त्याच्या बशीशेजारी ठेवला आणि मी माझा चहा पिऊ लागलो. त्याने तुकडा बघितला. चहाला हात लावला नाही. मग तो जे बोलला ते मी जन्मात विसरणार नाही.

“साहेब, आधी मी खरंच सांगत होतो. व्हिसा लागत नाही, बिनधास्त जा. लोक माझ्या तोंडाकडं बघायचे आणि उठून जायचे. एक जण म्हणाला, म्हशीच्या बाजारात म्हस घेतली तर पावती मिळते, आणि विलायतेला जायला काहीच नको? हा माणूस कच्चा आहे. मग मी शिक्का केला. त्यानंतर दारात माणूस मावेना.”

हवालदारांनी भिंतीकडे तोंड फिरवले. त्यांचे खांदे हलत होते. मलाही हसू आवरणे जड गेले, कारण मावशींची बिनशिक्क्याची पावती माझ्या डोळ्यांपुढे आली.

तो धीट झाला. म्हणाला, “जे लागतच नाही ते मारलं तर कुणाचं काय बिघडलं?”

“लागत नाही म्हणूनच बिघडलं,” मी म्हणालो. “कोरं पान घेऊन गेलेला पाहुणा आत जातो. तुमचा शिक्का घेऊन गेलेला दारातनं परत येतो. आणि तुम्हाला नियम ठाऊक होता.”

त्याने बशी बाजूला सारली. शिक्का कुठे आहे, ते त्याने सांगितले. आम्ही पंच घेऊन घरी गेलो. देवघरात पितळेच्या देवांच्या रांगेत, बाळकृष्णाच्या शेजारी तो शिक्का लख्ख उभा होता आणि त्याच्या डोक्याला गंध लावलेले होते. त्याच्या बायकोला यातले काही माहीत नव्हते. “धंद्याचा देव आहे म्हणाले हे,” ती म्हणाली. “दर शुक्रवारी चिंचेनं घासते की मी.” पंचनाम्यात ‘देवघरातून’ हा शब्द लिहिताना आमच्या लेखनिकाने दोनदा माझ्याकडे बघितले. फसवणूक, बनावट शिक्का तयार करणे आणि तो खरा म्हणून वापरणे, असा गुन्हा मावशींच्या फिर्यादीवरून दाखल झाला. नेसरीचा बागायतदार साक्ष द्यायला आपल्या पायाने आला. एक बाई त्याच वाटेने निघाली होती, हे मी त्याला सांगितले होते. तेवढे पुरले.

कागदोपत्री प्रकरण इथे उलगडले. पण मावशी दुसऱ्या दिवशी ठाण्यात येऊन बसल्या. त्यांचा पासपोर्ट आता मुद्देमाल होता. खटला संपेपर्यंत तो कोर्टातून सुटणार नव्हता, आणि लेकीचे दिवस भरत आले होते.

“चोरानं शिक्का मारला,” मावशी सगळ्या ठाण्याला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, “आन् पोलिसानं पासपोर्टच नेला. व्हय रं, तू हुपरीचाच न्हवं?”

त्यांचे काय चुकले? आमच्या वरिष्ठांचेही काही चुकले नव्हते, पुरावा सोडता येत नाही हा कायदाच होता. मग एकच वाट राहिली, नवा पासपोर्ट. मी अहवाल लिहिला. त्यात पहिल्याच वाक्यात लिहिले की अर्जदार बाई या गुन्ह्यात फिर्यादी आहेत, आरोपी नाहीत. हे वाक्य नसते तर कुठल्याही कचेरीत त्यांचा अर्ज खालून वर यायला वर्ष गेले असते. बनावट शिक्का आहे एवढेच नजरेत भरते, तो कोणी मारला ते कोणी वाचत नाही. चौकशीचा शेरा मीच दिला, वरिष्ठांनी त्याच दिवशी सही केली आणि हवालदार स्वतः कागद घेऊन मुंबईला गेले. तिथल्या कारकुनाने पुढच्या आठवड्यात या म्हटल्यावर ते म्हणाले, बाळ काय पुढल्या आठवड्यापत्तर थांबतंय व्हय, आणि खिडकीसमोरच बसून राहिले. नवा पासपोर्ट घेऊनच परतले.

आता दुसरी भीती माझ्या मनात आली. शिक्का गेला, पण विमानतळावरचा अधिकारी समोर उभा राहणारच. मावशींना तिथे काय विचारतील? म्हणून एका दुपारी ठाण्यात, चाचांनाही बोलावून, आम्ही रंगीत तालीम घेतली. हवालदारांनी मावशींसाठी शिवलेला कोट अंगावर ओढून गोऱ्या साहेबाचे सोंग घेतले. तिकडे दुभाषी मिळतो हे मला माहीत होते, म्हणून सगळे मराठीतच चालले.

“कशाला आला?” हवालदारांनी विचारले.

“लेकीकडं.”

“तिथं काय करनार?”

“समदं,” मावशी म्हणाल्या. “सैपाक, धुनं, बाळाची आंघूळ. मी काय जावयाच्या घरात बसून खानारी न्हाय. काम करनार.”

मी कपाळावर हात मारला. काम करणार म्हटले की तिकडचा माणूस नोकरी समजणार, आणि मावशी पुन्हा माघारी. आमच्या मुलखात पाहुणा म्हणून गेलेली बाईसुद्धा पदर खोचून उठते. बसून खाते म्हणणे ही शिवी आहे. तसे बोलणे मावशींच्या जिभेवर आले नसते. मी म्हणालो, मावशी, काम करणार एवढेच म्हणू नका. तर त्या भडकल्या. “मग काय खोटं बोलू? तू पोलीस आन् मला खोटं बोलाया शिकवतूस?”

खोटे मलाही नको होते. खोटे बोलून कोणी सीमा ओलांडावी असे मी कधी सांगितले नाही आणि सांगणारही नाही. मी नियम पुन्हा उलगडून सांगितला. त्यांना भीती आहे ती पगाराच्या नोकरीची. मी विचारले, बाळंतपणाची मजुरी घेणार का? मावशींनी माझ्याकडे अशी नजर टाकली की हवालदार खुर्ची मागे सरकवून बसले.

“लेकीकडनं मजुरी?”

“मग हेच सांगा. लेकीचं बाळंतपण करायला आले, मजुरी घेणार नाही.”

हे त्यांना पटले, कारण ते खरे होते. मग हवालदारांनी शेवटचा प्रश्न घातला, जो सगळ्यात अवघड असतो. परत जाणार कशावरून? माणसे इथे अडखळतात, शपथा घेतात, देवाचे नाव घेतात. मावशी अडखळल्या नाहीत.

“न्हाय जाऊन सांगतो कुनाला? दिवाळीत पैंजनाची मागनी असत्या. माजी भट्टी बंद ठिवून आलोय. गिऱ्हाईक दुसऱ्याच्या दारात जाईल की.”

हवालदारांनी कोट उतरवला आणि सांगितले, सोडा बाईला आत. मी मावशींना म्हणालो, हेच बोला, यात एक शब्द वाढवू नका. चाचांनी कोट घडी घालून दिला आणि खिशाचे टाके स्वतः उसवले. म्हणाले, हा कोट थंडीत जाणार.

मावशी गेल्या. ठाण्यात पुढचे काही दिवस टेलिफोन वाजला की हवालदार माझ्या आधी उचलत. मग मावशींच्या शेजाऱ्यांकडे तार आली आणि शेजारी ती घेऊन थेट ठाण्यात आला. आई पोचली, मुलगी झाली, दोघी खुशाल. त्या दिवशी हवालदारांनी सगळ्या ठाण्याला पेढे वाटले. कोठडीतल्या एका पाकीटमारालाही पेढा मिळाला. त्याने कशाचा म्हणून विचारले, तर हवालदार म्हणाले, गप खा, नात झाल्या.

खटल्यात त्या गृहस्थाला शिक्षा झाली. कोरक्याकाकांनी साक्षीच्या पिंजऱ्यात उभे राहून शिक्क्यातली कोयरी बोटाने दाखवली. त्या गृहस्थाच्या गिऱ्हाइकांपैकी जे अजून निघाले नव्हते त्यांचे पासपोर्ट आम्ही बदलून घ्यायला लावले, आणि प्रत्येकाला तोच नियम पुन्हा पुन्हा सांगावा लागला. निम्म्या लोकांनी शेवटपर्यंत विश्वास ठेवला नाही. कोरे पान घेऊन विमानात बसताना ते देवाचे नाव घेत होते.

या प्रकरणाने मला काय शिकवले? आपला माणूस नियमाला घाबरत नाही, तो नियम नसण्याला घाबरतो. पिढ्यान्‌पिढ्या प्रत्येक कचेरीने त्याला एका शिक्क्यासाठी हेलपाटे घालायला लावले. मग कोणी म्हणाले की इथे शिक्का लागत नाही, तर त्याला तो डाव वाटतो. लबाडाला ही भीती बरोबर दिसते. म्हणून सरकारी माणसाने काय लागते हे सांगावे, आणि काय लागत नाही हे त्याहून ठणकावून सांगावे. त्यानंतर माझ्या टेबलावर आलेल्या प्रत्येक पासपोर्ट अर्जदाराला मी हे दोन्ही सांगितले. बी.ए.चा मला झालेला सगळ्यात मोठा उपयोग हाच, असे मी मानतो.

दिवाळीच्या आधी मावशी परत आल्या. एस.टी. स्टँडवरून आधी ठाण्यात आल्या, अंगात तोच कोट, कोल्हापूरच्या उन्हात. खुर्चीवर बसायच्या आधी त्यांनी खणाच्या कापडातून नवा पासपोर्ट काढला आणि माझ्यासमोर उघडून धरला. विमानतळावर मारलेला छोटा चौकोनी शिक्का होता. पाहुणा म्हणून प्रवेश, नोकरीला मनाई, असे त्यावर इंग्रजीत लिहिले होते. मी ते वाचून दाखवले.

“पाटल्या देऊन खोटा मिळाला,” मावशी म्हणाल्या, “आन् खरा फुकट. त्यानं काय बी मागितलं न्हाय बघ.”

या वेळी शिक्क्यावर हळदकुंकू नव्हते. ते त्यांनी नातीला लावले होते.

एक विधवा बाई, जिने तोवर सांगलीच्या पलीकडे पाऊल टाकले नव्हते, ती सरळ मार्गाने आणि खरे बोलून इंग्लंडला गेली, लेकीचे पहिले बाळंतपण आपल्या हाताने केले आणि दिलेल्या मुदतीत परत येऊन दुसऱ्या दिवशी आपली भट्टी पेटवली.